पगार चालू, खेळ बंद: फुटबॉलमध्ये खेळाडू आणि मॅनेजर यांचं भांडण मिटतं कसं?

शनिवारी संध्याकाळचे सव्वासहा-साडेसहा वाजले की इंग्लंडमधल्या सामन्यांच्या संघयाद्या मोबाइलवर यायला लागतात. सामना साडेसातला (हिवाळ्यात तिकडची घड्याळं मागे गेली की साडेआठला), पण वादाला तोंड तासभर आधीच फुटतं. गंगापूर रोड असो नाहीतर नाशिकरोड, ग्रुपवरचा पहिला मेसेज ठरलेला असतो: “याला परत बसवला? मॅनेजरने डूख धरलाय नुसता.” दुसराही ठरलेला: “मग जा म्हणावं दुसऱ्या क्लबात.”

खरी गोम या दुसऱ्या मेसेजात आहे. त्याला जाता येत नाही.

सातपूरच्या कारखान्यात एखाद्याचं आपल्या प्लांट मॅनेजरशी वाजलं, तर तो राजीनामा टाकतो, नोटीस पिरियड भरतो आणि पुढच्या महिन्यात अंबडच्या कंपनीत पंच करतो. व्यावसायिक फुटबॉलपटूचा करार मुदतबंद असतो. फिफाच्या नियमांप्रमाणे हा करार निदान चालू हंगाम संपेपर्यंतचा हवा आणि साधारणपणे जास्तीत जास्त पाच वर्षांचा. खेळाडू अठराच्या आतला असेल तर तीन वर्षांचा. महिन्याची नोटीस देऊन सुटणं हा प्रकार तिथे नाही. शिवाय खेळाडूची नोंदणी एका क्लबकडे असते आणि ती फक्त ठरलेल्या मुदतीत, म्हणजे ट्रान्सफर विंडोमध्येच हलवता येते. युरोपात अशा खिडक्या दोन: उन्हाळ्यातली मोठी आणि जानेवारीतली छोटी. भांडण सप्टेंबरमध्ये झालं तर जानेवारीपर्यंत रोज सकाळी त्याच मैदानावर, त्याच माणसासमोर हजर राहायचं.

आता दुसरी बाजू. खेळाडूचा करार क्लबशी असतो, मॅनेजरशी नाही. मॅनेजर त्याचा पगार कापू शकत नाही, त्याला काढूही शकत नाही. पण शनिवारी मैदानात कोण उतरणार हे तोच ठरवतो. पगाराची दोरी एकाच्या हातात आणि खेळाची दुसऱ्याच्या. कारखान्यात काम न देता कुणाला दोन वर्षं पूर्ण पगार देऊन बसवून ठेवत नाहीत. फुटबॉलमध्ये ठेवतात, आणि या धंद्यातली बहुतेक भांडणं तिथूनच उगवतात.

आकडे बघा. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये 21 वर्षांवरच्या खेळाडूंची नोंद जास्तीत जास्त 25. सामन्याच्या दिवशी यादीत 20: 11 मैदानात, 9 बेंचवर. त्या 9 पैकी उतरवता येतात 5. म्हणजे फार तर 16 जण खेळतात आणि बाकीचे ट्रॅकसूट घालून बघतात. यातल्या प्रत्येकाला लहानपणापासून आपापल्या गावातला सर्वांत चांगला खेळाडू म्हणून मिरवायची सवय असते. मॅनेजर कितीही देवमाणूस असला तरी दर आठवड्याला तो डझनभर लोकांना नाराज करतो. हे बिघाडाचं लक्षण नव्हे, कामच तसं आहे. बिघाड पुढे होतो.

बऱ्याच वेळा तो बोलण्यातून होतो. ड्रेसिंग रूममध्ये मॅनेजरने आईबहीण काढली तरी ते चार भिंतींत राहतं आणि मंगळवारपर्यंत विरून जातं. तीच गोष्ट माइकसमोर निघाली की दोघांनाही माघार घेता येत नाही, कारण मग माघार सगळ्यांना दिसते. 3 सप्टेंबर 2023 ला आर्सेनलकडून 3-1 असा सामना हरल्यावर मँचेस्टर युनायटेडचे एरिक टेन हाग यांना पत्रकारांनी जेडन सँचोबद्दल विचारलं. सरावातली कामगिरी पुरेशी नव्हती म्हणून घेतला नाही, असं त्यांनी सांगून टाकलं. सँचोने त्याच संध्याकाळी सोशल मीडियावर हे खोटं असल्याचं आणि आपल्याला बळीचा बकरा केल्याचं लिहिलं. तारीख नीट बघा. इंग्लंडची खिडकी 1 सप्टेंबरला बंद झाली होती. दोनच दिवस आधी हे झालं असतं तर त्याला कुठेतरी पाठवता आलं असतं. आता चार महिने अडकले दोघंही. माफी मागितली नाही म्हणून सँचोला मुख्य संघापासून वेगळं सराव करायला लावलं आणि जानेवारीत जर्मनीच्या डॉर्टमुंड क्लबला उसना दिला. त्याच डॉर्टमुंडकडून तो 1 जून 2024 ला वेम्ब्लीवर चॅम्पियन्स लीगची अंतिम लढत खेळला. म्हणजे खेळ संपला नव्हता, दोघांतलं बोलणं संपलं होतं. यात चूक टेन हाग यांची जास्त असं आमचं मत. “संघाची गरज वेगळी होती” एवढं वाक्य पुरलं असतं.

शिक्षा करायची तर ती क्लब करतो, आणि तीही पायरीपायरीने. इंग्लंडच्या ठरावीक करारात पहिल्या गैरवर्तनाला दंड जास्तीत जास्त दोन आठवड्यांच्या मूळ पगाराइतका. त्याहून मोठा हवा तर खेळाडूंच्या संघटनेची संमती लागते. निलंबनही चौदा दिवसांपर्यंतच. आधी चौकशी, मग आरोप लेखी, मग सुनावणी, सुनावणीला संघटनेचा माणूस सोबत नेण्याची मुभा, मग क्लबच्या संचालक मंडळाकडे अपील आणि त्यावर लीगकडे. ज्यांनी कारखान्यातली चार्जशीट आणि खातेनिहाय चौकशी पाहिली आहे, त्यांना हे सगळं ओळखीचं वाटेल. फरक मुदतीचा. आपल्याकडे निलंबित कामगार पहिले नव्वद दिवस निम्म्या पगाराइतक्या निर्वाहभत्त्यावर काढू शकतो. तिथे इतका वेळ कुणालाच परवडत नाही, कारण नव्वद दिवसांत तिसरा हिस्सा हंगाम निघून जातो.

या पायऱ्या कुठे अडखळतात, ते म्युनिकमध्ये दिसलं. 27 सप्टेंबर 2011, बायर्नविरुद्ध मँचेस्टर सिटी 2-0 ने मागे. बेंचवर कार्लोस तेवेझ. सामना संपल्यावर मॅनेजर रॉबेर्तो मानचिनी यांनी कॅमेऱ्यासमोर सांगितलं, याने मैदानात उतरायला नकार दिला, माझ्यापुरता याचा विषय संपला. तेवेझचं म्हणणं, मी खेळायला नकार दिलाच नाही, गैरसमज झाला.

आता चौकशी करणाऱ्याच्या जागी बसा. बेंचवरचा खेळाडू रेषेबाहेर धावून अंग गरम करतो, परत येऊन बसतो, पुन्हा बोलावलं की पुन्हा धावतो, मग ट्रॅकसूट उतरवतो, चौथ्या पंचाच्या फलकावर त्याचा नंबर लागतो आणि तो आत जातो. “नकार” यातल्या नेमक्या कुठल्या टप्प्याला दिला? पुन्हा धावायला नाही म्हणणं आणि सामना खेळायला नाही म्हणणं हे कायद्यात एकाच तोलाचे गुन्हे नाहीत. त्यात मॅनेजर इटालियन, खेळाडू स्पॅनिश बोलणारा, आणि भोवती हजारो लोकांचा गलका. क्लबला चार आठवड्यांचा पगार कापायचा होता. खेळाडूंच्या संघटनेने दोन आठवड्यांपलीकडे संमती दिली नाही. तेवेझ पुढे सरळ अर्जेंटिनाला निघून गेला, फेब्रुवारी 2012 मध्ये माफी मागून परतला आणि मे महिन्यात सिटीने लीग जिंकली तेव्हा त्याच मानचिनींच्या संघात होता. “विषय संपला” हे फुटबॉलमध्ये फारसं गंभीरपणे घ्यायचं नसतं.

दंडापेक्षा जिव्हारी लागणारी शिक्षा वेगळीच, आणि ती कागदावर शिक्षा म्हणून दिसतही नाही. खेळाडूला मुख्य संघाबाहेर काढून कुमार संघासोबत किंवा एकट्याला सराव करायला लावायचा. वेळ वेगळी, कपडे बदलायची खोली वेगळी, जेवणाची टेबलं वेगळी. इंग्लंडमध्ये अशा बाजूला टाकलेल्यांना ‘बॉम्ब स्क्वॉड’ म्हणतात, फ्रान्समध्ये ‘लॉफ्ट’. एकूण काय, अडगळ टाकायची जागा. पगार पहिल्या तारखेला जमा होतोच. पण सामना न खेळलेले पाय चाळीत ठेवलेल्या कांद्यासारखे असतात. भाव येईल म्हणून ठेवता येतात, पण वजन रोज थोडं थोडं घटत असतं आणि खरेदीदाराला ते पक्कं ठाऊक असतं.

हे कायदेशीर आहे का? काही अंशी. मॅनेजरने खेळवलंच पाहिजे असा हक्क खेळाडूला कुठेच नाही. पण 2018 पासून फिफाच्या नियमात एक कलम आलं: समोरच्याला करार तोडायला किंवा बदलायला भाग पाडण्यासाठी कुणी छळ केला, तर त्या समोरच्याला ‘योग्य कारण’ दाखवून करार संपवता येतो. म्हणून शहाणे क्लब बाजूला टाकलेल्यालाही प्रशिक्षक देतात, सरावाचं लेखी वेळापत्रक देतात, फिजिओ देतात आणि ही व्यवस्था तात्पुरती असल्याचं पत्र देतात. नुसती मैदानाची किल्ली देऊन “धाव एकटा” म्हणणारा क्लब पुढे सुनावणीत तोंडघशी पडू शकतो.

खेळाडूच्या हातातलं दुसरं कलम दहा टक्क्यांचं. प्रस्थापित खेळाडूला हंगामातल्या अधिकृत सामन्यांपैकी दहा टक्क्यांहून कमी सामन्यांत उतरवलं असेल, तर खेळातलं योग्य कारण सांगून करार मोडता येतो. क्लबचे 50 सामने झाले आणि हा 4 मध्येच दिसला, तर दार उघडलं. पण उंबरे बरेच. हंगामाच्या मध्यात मोडता येत नाही. क्लबचा शेवटचा अधिकृत सामना झाल्यापासून 15 दिवसांत मोडायचा, सोळाव्या दिवशी हक्क गेला. दुखापतीत किंवा बंदीत गेलेल्या काळाचा विचार होतो. ‘प्रस्थापित’ कोण, यावर वाद घालता येतो. एकोणीस वर्षांच्या पोराला ते सिद्ध करणं अवघड. आणि एवढं करून बंदी टळली तरी क्लबला भरपाई द्यावी लागू शकते. म्हणून हे कलम वापरतात क्वचित, दाखवतात फार. एजंट मार्चमध्ये क्लबला हळूच आठवण करून देतो आणि एप्रिलमध्ये खेळाडू शेवटच्या वीस मिनिटांसाठी उतरताना दिसतो.

कारणाशिवाय करार मोडला तर काय होतं? अठ्ठाविसाव्या वाढदिवसाआधी सही केली असेल तर पहिली तीन वर्षं किंवा तीन पूर्ण हंगाम, जे आधी भरेल ते, आणि त्यानंतर केली असेल तर तसंच दोन, हा ‘संरक्षित काळ’. त्यात मोडलं की चार महिने बंदी, गंभीर प्रकरणात सहा, शिवाय भरपाई. फ्रान्सच्या लसाना दियाराचं उदाहरण या विषयात सगळ्यांनाच पाठ असतं. 2013 मध्ये तो चार वर्षांच्या करारावर लोकोमोटिव्ह मॉस्कोला गेला. वर्षभरात प्रशिक्षकाशी बिनसलं, क्लबने पगार कमी करायचं काढलं, तो सरावाला यायचा थांबला आणि ऑगस्ट 2014 मध्ये क्लबने करार संपवून भरपाई मागितली. निकाल गेला त्याच्या विरोधात: 1 कोटी 5 लाख युरो. बेल्जियमच्या शार्लरवा क्लबला तो हवा होता, पण ही रक्कम आपल्याही गळ्यात पडेल या धास्तीने त्यांनी हात आखडता घेतला. दियारा फिफाविरुद्ध न्यायालयात गेला आणि 4 ऑक्टोबर 2024 ला युरोपीय न्यायालयाने निकाल दिला की यातले काही नियम युरोपच्या कायद्याशी विसंगत आहेत. फिफाला ते बदलावे लागले. सुरुवात प्रशिक्षकाशी झालेल्या कुरबुरीने. शेवट दहा वर्षांनी, सगळ्या जगाच्या नियमपुस्तकात.

मग जिंकतं कोण? पूर्वी उत्तर सोपं होतं. इंग्लंडमध्ये ‘मॅनेजर’ म्हणजे संघनिवड, खरेदी-विक्री, शिस्त सगळं एकाच्या हाती. अ‍ॅलेक्स फर्ग्युसन 1986 ते 2013 मँचेस्टर युनायटेडच्या त्या गादीवर होते. फेब्रुवारी 2003 मध्ये त्यांनी ड्रेसिंग रूममध्ये लाथाडलेला बूट डेव्हिड बेकहॅमच्या भुवईवर लागला. त्या उन्हाळ्यात बेकहॅम माद्रिदला. 2005 मध्ये कर्णधार रॉय कीनने क्लबच्याच वाहिनीवर सहकाऱ्यांची सालटी काढली. मुलाखत दाखवलीच नाही आणि 18 नोव्हेंबरला कीन बाहेर. आता बहुतेक क्लबांत खरेदी स्पोर्टिंग डायरेक्टर करतो आणि मॅनेजर हा खेळाचा मुख्य प्रशिक्षक उरतो. त्यामुळे एजंट थेट वरच्या मजल्यावर जातो. आणि वरच्या मजल्यावर निकाल लागतो तो वहीतून.

समजा क्लबने खेळाडू 6 कोटी पौंडांना घेतला, करार पाच वर्षांचा. हिशेबात हा खर्च वर्षाला 1 कोटी 20 लाख असा वाटून लिहितात. दोन वर्षांनी वहीत त्याची किंमत उरते 3 कोटी 60 लाख. वर्षभर बेंचवर बसलेल्याला बाजारात 2 कोटीच मिळाले, तर 1 कोटी 60 लाखांचा तोटा त्या एकाच वर्षाच्या हिशेबात उभा. दुसऱ्या पारड्यात मॅनेजरच्या उरलेल्या कराराची भरपाई. ड्रेसिंग रूममधले असे चार खेळाडू नाराज असले की चौघांची घसरलेली किंमत एकीकडे आणि एका माणसाची भरपाई दुसरीकडे. पोल पोग्बाला युनायटेडने 2016 मध्ये 8 कोटी 90 लाख पौंडांना घेतला होता, तेव्हाचा जागतिक विक्रम. सप्टेंबर 2018 मध्ये जोजे मोरिन्यो यांनी त्याचं उपकर्णधारपद काढलं, डिसेंबरमध्ये क्लबने मोरिन्योंनाच काढलं. निकाल वाईट होतेच. पण ते चांगले असते तर पोग्बाचा विषय कुणी काढला नसता, हेही तितकंच खरं.

उलटंही होतं, आणि वही तेव्हाही खोटं बोलत नाही. आर्सेनलने डिसेंबर 2021 मध्ये शिस्तभंगासाठी ऑबामेयांगचं कर्णधारपद काढलं आणि पुढच्या खिडकीत तो फुकट सोडला. वय बत्तीस, पगार अवाढव्य, पुन्हा विकून मिळणार काय? तिथे मॅनेजर मिकेल आर्तेता टिकले. खेळाडू जितका तरुण, महाग आणि लांब करारातला, तितकं मॅनेजरचं पारडं हलकं. ग्रुपवर पैज लावायची असेल तर आधी वय आणि कराराची शेवटची तारीख बघून घ्या.

राष्ट्रीय संघात मात्र हे गणित लागूच नाही. तिथे मुदतीचा करार नसतो, विकण्याजोगं काही नसतं, म्हणून एकट्या खेळाडूकडे हत्यारही नसतं. 2002 मध्ये सायपानच्या शिबिरात सोयींवरून आयर्लंडचे मॅनेजर मिक मॅकार्थी यांच्याशी भिडलेला कीन विश्वचषक न खेळताच घरी परतला. एकजूट झाली तरी घाव उलटा बसू शकतो: 2010 च्या विश्वचषकात अनेल्काला घरी धाडलं म्हणून फ्रान्सच्या संघाने दक्षिण आफ्रिकेतल्या नायस्नात सराव नाकारला, संघ एका गुणावर गटात तळाला राहिला आणि अनेल्कावर 18 सामन्यांची बंदी आली. स्पेनच्या 15 महिला खेळाडूंनी सप्टेंबर 2022 मध्ये महासंघाला ईमेल लिहिली तेव्हा प्रशिक्षक होर्हे विल्दा जागेवरच राहिले. विश्वचषक जिंकल्यावर, सप्टेंबर 2023 मध्ये, ते गेले. आणि तेही महासंघाच्या अध्यक्षांनी एका खेळाडूचं संमतीशिवाय चुंबन घेतल्याचं प्रकरण पेटल्यानंतर.

आता घरचं. नाशिकच्या मैदानावर तयार झालेल्या पोराला मुंबई, गोवा किंवा कोलकात्याच्या क्लबचा पहिला करार मिळतो, तेव्हा आकडा सोडून घरात कुणी काही वाचत नाही. आपल्याकडचे नियम फिफाच्या साच्यातलेच आहेत आणि वाद अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या प्लेयर्स स्टेटस कमिटीपुढे जातो. हे सगळं परदेशातलं आहे असं वाटत असेल तर भारताचा बचावपटू अन्वर अली याचं प्रकरण आठवा: मोहन बागान सोडून ईस्ट बंगालला गेल्यावर सप्टेंबर 2024 मध्ये कमिटीने चार महिन्यांची बंदी आणि 12 कोटी 90 लाखांच्या भरपाईचा आदेश काढला आणि प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. त्याच्या मागे वकिलांची फौज होती. आपल्या पोराच्या मागे बहुधा काका असतात.

म्हणून सही केलेली प्रत त्याच दिवशी हातात घ्यायची, फोटो नव्हे. मुदत, महिन्याचा पगार, बोनस कशावर, राहायचं-खायचं कुणाकडे, दुखापतीचा खर्च कोण करणार, क्लब खालच्या लीगमध्ये गेला तर काय, हे कागदावर आहे का बघायचं. “ते आम्ही बघून घेऊ” हे कलम नसतं. दोन महिन्यांचे पगार थकले तर लेखी नोटीस द्यायची, 15 दिवसांची मुदत द्यायची आणि मगच करार संपल्याचं कळवायचं. तोंडी मागणी धरली जात नाही. कोचने बाजूला बसवलं तरी सरावाला रोज वेळेवर जायचं आणि दुखत असेल तर क्लबच्याच डॉक्टरकडे लेखी नोंद करायची. एक दिवस न सांगता दांडी मारली की जे प्रकरण क्लबच्या वागणुकीचं होतं ते खेळाडूच्या गैरहजेरीचं होऊन बसतं. दियाराचं असंच फिरलं. कोचशी बोलायचं ते सामन्यानंतर नाही, दोन दिवसांनी, दाराआड, आणि “मला का नाही घेतलं?” ऐवजी “घ्यायला मी काय करू?” असं विचारायचं. उत्तर मिळालं की घरी येऊन तारखेसह वहीत उतरवायचं. मदत लागली तर भारतातल्या खेळाडूंची संघटना आहे, एफपीएआय नावाची.

आणि स्टेटस टाकायचं नाही. हरलेल्या रात्री टाकलेल्या स्टेटसचा स्क्रीनशॉट पंधरा मिनिटांत क्लबच्या मॅनेजमेंटच्या ग्रुपवर पोहोचतो, आणि सुनावणीत पहिला कागद म्हणून तोच समोर येतो.